मायचं मंगलाष्टक

माझ्या लेकीच्या लग्नात, ऐन मुहूर्ताला, नवरदेवाच्या आत्यानं माईक हातात घेतला आणि माझ्या मायचं मंगलाष्टक म्हणायला सुरुवात केली. पहिली ओळ झाली तेव्हा मला वाटलं, मीच मनात म्हणून राह्यलेय आणि कानाला भास होतोय. दोन महिने ते एकच तोंडात होतं, भास व्हायला कितीसा वेळ लागतो. मंग दुसरी ओळ झाली आणि मी मान वर करून बघितलं.

ती बाई माझ्यापासून दहा पावलांवर उभी होती. हिरवी पैठणी, नाकात नथ, हातात कागदाचा कपटासुद्धा न्हाई. आंतरपाटाच्या एका बाजूला माझी लेक खाली मान घालून उभी, दुसऱ्या बाजूला जावई. आणि ही बाई एकदम शांतपणे, आवाजाचा चढ-उतार सांभाळून, माझ्या घरातली चीज साऱ्या हॉलपुढं आपली म्हणून वाटत होती. आधी तिनं सांगितलंही होतं, "हे माझ्या आईनं रचलेलं आहे." माझ्या मुठीत रंगवलेली ज्वारी होती. आमच्याकडं अक्षतांना ज्वारीच असते. पहिलं कडवं संपलं, "शुभ मंगल सावधान" झालं, साऱ्यांनी ज्वारी फेकली, वडीगोद्रीहून आणलेल्या बँडवाल्यानं ठोका दिला, आणि माझी मूठ काही उघडली न्हाई.

आता हे मंगलाष्टक म्हणजे माझ्यासाठी काय होतं ते सांगते, न्हाईतर माझी तडफड कळायची न्हाई.

माझं लग्न हसनाबादला, आमच्या घरापुढं मांडव घालून झालं. त्याला सत्तावीस वर्षं झाली. आमच्यात रीत अशी की लेकीवर अक्षता पडताना आईनं तिथं थांबायचं न्हाई. तिनं मागं जाऊन तुळशीला पाणी घालत बसायचं आणि मांडवातलं सावधान-सावधान नुसतं कानानं ऐकायचं. का, ते मला विचारू नका. आज्या-पणज्या बसल्या म्हणून साऱ्या बसतात. माझ्या लग्नात मात्र माय तुळशीपाशी गेलीच न्हाई. पाण्याचा तांब्या तिनं शेजारणीच्या हातात दिला, डोक्यावरचा पदर नीट केला, मांडवात आली आणि गुरुजींकडून माईक मागून घेतला. जल्मात चार माणसांत तोंड न उघडलेली बाई ती. घरातून शेतात आणि शेतातून घरात, एवढंच तिचं जग. तिनं माईक तोंडाला इतका चिकटवून धरला की आधी नुसता श्वासच ऐकू आला. आणि मंग तिनं म्हणलं, सारं तोंडपाठ, एकदाही न अडखळता.

दोन्ही गाव मिळून आज बसले एका वडाच्या तळी,
लेकीच्या पदरात बांध सुख हे, ठेवू नको ओंजळी...

असं सुरू व्हायचं ते. मांडवात हूं की चूं न्हाई. आंतरपाटाच्या अलीकडं मी रडत होते आणि पलीकडं माझा नवरा. बायांनी पदर तोंडात धरलेले. पुढं कितीतरी वर्षं हसनाबादेत कुणाचंही लग्न असलं की गोष्ट निघायची, काकूनं म्हणलं होतं बघा, सारं गाव मायला काकूच म्हणायचं, तसं पुन्हा कुणी म्हणलं न्हाई.

मी तर ती गोष्ट आयुष्यभर मिरवली. लग्न होऊन जालन्याला आले, सासरी मिरवली. कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला लागले, तिथं मिरवली. हळदी-कुंकवाला मिरवली. लेकीला शाळेत आजीवर निबंध लिहायचा होता, तर "माझी आजी कवयित्री आहे" हे पहिलं वाक्य मीच तिला लिहायला लावलं. दिवसभर निंदण-खुरपण करणारी बाई स्वतः मंगलाष्टक रचते, तेही असं, हे ऐकून लोकांचे डोळे मोठे व्हायचे आणि मला माझीच उंची वाढल्यासारखं वाटायचं. मायला कुणी विचारलं तर ती "व्हय, म्हणलं व्हतं" एवढं बोलायची आणि चहा टाकायला उठायची. मला वाटायचं, काय साधी आहे माझी माय.

लेकीचं लग्न जमलं तेव्हाच मी ठरवून टाकलं की मीही तुळशीपाशी बसणार न्हाई. मायचं मंगलाष्टक लेकीच्या लग्नात मी म्हणणार. माझ्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती, ती पोरानं दुकानातून पेनड्राइव्हवर करून आणली. त्यावरून मी एकेक ओळ वहीत उतरवून घेतली आणि पाठांतराला बसले. मला पाठांतराचं बिलकुल जमत न्हाई. शाळेत कविता म्हणायला उभं केलं की माझी जीभ टाळूला चिकटायची आणि मी रडकुंडीला यायची. पण या वेळी मी पेटले होते. भाकरी थापताना म्हणायची, ऑफिसात फायली लावताना म्हणायची, रिक्षात बसून म्हणायची. एकदा रिक्षावाल्यानं विचारलं, मॅडम, मला काही म्हणलात का.

मायला मी महिनाभर आधीच जालन्याला आणून ठेवलं होतं. ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून लसूण सोलायची आणि ऐकायची. मी चुकले की मधीच थांबवायची. "ओंजळी लांबवू नको, दम पुरायचा न्हाई." "तिथं थांब, मंग पुढची घे." बराबर मास्तरणीसारखी.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच खटकायला पाहिजे होती. साखरपुडा टेंभुर्णीला, नवरदेवाच्या घरी झाला. त्यांच्या समोरच्या खोलीत नवरदेवाच्या आजीचा हार घातलेला फोटो होता. पांढरेशुभ्र केस, जाड चष्मा. दोन वर्षांखाली वारल्या होत्या. माय त्या फोटोपुढं जी उभी राहिली ती हलेचना. मी म्हणले, चल, ताटं वाढलीत. आणि त्या दिवसापासून ती माझ्या मागं लागली की तू म्हणू नको.

"आईनं तुळशीला पाणी घालावं. रीत हाय."

मी म्हणले, "तू कुठं घातलंस?" तर ती पाणी प्यायला उठली.

चार दिवसांनी पुन्हा. "त्यांच्यातले लोक शिकलेले हायत. हसतेल."

माझं डोकंच फिरलं. "माय, तू केलेलं हाय म्हणून हसतेल का? आता तुला तुझीच लाज वाटायली का?" ती लसूण सोलत राहिली, आणि मी पुढं म्हणायला लागले तशी माझ्या चुका सुधारत राहिली. मला वाटलं म्हातारपणी माणूस भित्रं होतं, दुसरं काय.

तर अशी मी, दोन महिने घासून-पुसून तयार, सोन्याच्या पाटल्या घालून हॉलमध्ये उभी होते, आणि पुढं ती आत्या तेच म्हणत होती. शब्दाला शब्द. एक काना इकडचा तिकडं न्हाई.

दुसऱ्या कडव्यापर्यंत माझा धक्का ओसरून संताप चढला. आठच दिवसांखाली मी मोबाइलवर माझा आवाज भरून माहेरच्या बायांच्या ग्रुपवर टाकला होता, कसं जमलंय सांगा म्हणून. आणि माझ्या भावजयीची बहीण टेंभुर्णीत दिलेली. बस्स. माझ्या डोक्यात खटला चाललाही आणि निकालही लागला.

भावजय माझ्या मागंच ज्वारीचं ताट घेऊन उभी होती. मी तिचं मनगट धरलं.

"तूच पाठवलंस."

"काय पाठवलं, ताई?"

"नाटक करू नको. तू बहिणीला दिलंस आणि तिनं हिला दिलं. माझ्या मायचं नेऊन दुसऱ्याच्या दारात टाकलंस तू."

ताट हललं, ज्वारी खाली सांडली. ती वाकून दाणे गोळा करायला लागली. वीस वर्षं ती आमच्या घरात आहे. मायचं अंथरूण-पांघरूण, औषध-पाणी सारं तीच बघते, मी जालन्यातून फोनवर फक्त हुकूम सोडते. आणि मी तिला माझ्या लेकीच्या लग्नात, चार बायांच्या देखत चोर केलं. हे लिहिताना मला शरम वाटून राह्यलीय. तेव्हा वाटली न्हाई, तेव्हा मला वाटत होतं मी मायच्या बाजूनं लढतेय.

तोवर माहेरच्या लोकांतही कुजबुज सुरू झाली होती. "हे तर काकूचं हाय." "ह्यांनी कुठून उचललं?" माझा भाऊ खुर्चीवरून उठून उभा राहिला होता. तो माझाच भाऊ, त्याचंही डोकं तापायला वेळ लागत न्हाई. तिकडं आत्या चौथं कडवं म्हणत होती, डोळे मिटून.

तेवढ्यात माझ्या पदराला हिसका बसला. पहिल्या रांगेत बसलेली माय. ऐंशीला टेकलेली आहे ती, पण हिसका चांगला जोरात होता. मी वाकले.

"तिला सोड," माय म्हणली. "ते त्या बाईच्या मायचंच हाय."

"काय?"

"ती फोटोतली. आपल्या पुढच्या खोलीत भाड्यानं राह्यल्ती ती मास्तरीण. तिनं रचून दिल्तं मला. तिनंच महिनाभर माझ्याकडून पाठ करून घेतलं, रोज शाळा सुटल्यावर. चारी कडवी तिची हायत."

मी मायच्या तोंडाकडं बघतच राहिले. पुढच्या खोलीतली मास्तरीण मला अंधुक आठवत होती. मी तेव्हा जालन्याला होस्टेलवर राहून बी.कॉम. करायची. मी सुट्टीत घरी आले की बाई सुट्टीत त्यांच्या गावी गेलेल्या असायच्या. माझं लग्न मे महिन्यात झालं, तेव्हाही त्या नव्हत्या. त्यांना आम्ही सारे नुसतं बाई म्हणायचो, त्यांचं गाव कोणतं हेही मी कधी विचारलं नव्हतं. आणि ती चार कडवी त्यांची. ज्या चार कडव्यांवर मी सत्तावीस वर्षं ताठ मानेनं चालले, ती चारही. खरं सांगते, त्या क्षणी मला मायचा राग राग आला.

"आणि पाचवं?" मी म्हणले. कसं सुचलं कोण जाणे.

"ते माझं," माय म्हणली. "ते तिच्या कागदावर न्हवतं. तिला म्या दाखवलं बी न्हाई. तिथं उभी राह्यले आन् म्हणून टाकलं."

पाचवं कडवं मी गाळलं होतं. कॅसेटमध्ये ते होतं, मी पाच-सहा वेळा ऐकलंही होतं. पण चार कडव्यांचा ठेका इतका देखणा आणि पाचवं असं लंगडं, आमच्या शेतातल्या बोलीत, कुठं ओळ लांब कुठं आखूड. त्यात पुन्हा सासरच्या लोकांपुढं हात जोडल्यासारखं. आता मुलीची आई कुणापुढं हात जोडत न्हाई, असं माझं म्हणणं. मी समजूत करून घेतली होती की शेवटी शेवटी मायला घाईत नीट रचता आलं नसेल. म्हणून ते मी वहीत उतरवलंच नव्हतं, पाठ करायचं तर सोडाच.

आत्याचं म्हणून झालं. टाळ्या पडल्या. गुरुजी मधे स्वतःचं एक कडवं म्हणायला लागले आणि ते संपलं की माझी पाळी, हे ठरलेलं होतं. आता माझी गत बघा. ती चार मी म्हणले असते तर साऱ्यांसमोर चोरी, आणि ती माझी न्हाई, मायची, कारण हे मायचं आहे असं माहेरच्या पोराठोरांपर्यंत मीच सांगून ठेवलं होतं. न म्हणता खाली बसले असते तर माहेरचे म्हणणार, ह्यांनी आपलं चोरलं आणि वर आपल्या पोरीचं तोंडही बंद केलं. भाऊ तर उठलाच होता. लेकीच्या संसाराच्या पहिल्याच दिवशी दोन घरांची जुंपली असती, आणि त्या भांडणात शेवटी माय उघडी पडली असती, दोन्हीकडच्या माणसांपुढं. ऐंशी वर्षांची बाई, जिनं कुणाचा कधी रुपयासुद्धा ठेवून घेतला न्हाई.

मी भावाला हातानं खुणावलं, बस. तो बसला, पण खुर्चीच्या टोकावर.

"वधूच्या मातोश्रींनी यावं," गुरुजी म्हणले.

मी गेले. माईक हातात घेतला. माझी जीभ तशीच टाळूला चिकटली, चौथीतल्यासारखी. समोर लेक माझ्याकडं चोरून बघत होती, तिला माझं पाठांतर माहीत होतं, ती पहिल्या ओळीची वाट बघत होती. मी म्हणले, "हे माझ्या मायनं माझ्या लग्नात म्हणलं होतं. हे तिनं स्वतः केलेलं आहे." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. आणि कॅसेटमधली माय डोळ्यापुढं आणून मी सुरू केलं.

माझी लेक उन्हाची न्हाई, तिला घटकाभर सावली द्या,
भाकर तिची जळंल आधी, दोन दिस ती गोड घ्या...

आणि संपलं. पुढचं काही आठवेना. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. गुरुजी माझ्याकडं बघायले, सावधान म्हणावं की न म्हणावं. बँडवाल्यानं काठी उचलून धरलेली. लोकांच्या मुठी वर. अर्ध्या मिनिटाचाच तो वेळ असेल, पण माझ्या कपाळावरून घाम निथळून डोळ्यात गेला. मी मायच्या जागी उभी होते आणि मायचे स्वतःचे असे चारच शब्द, तेही मला येत नव्हते.

"चुकली तर सांगावा धाडा," माझ्या मागून हळूच आवाज आला.

भावजय होती. ताट हातातच होतं. मी मागं बघितलं न्हाई. ती सांगत गेली तसं मी म्हणत गेले.

चुकली तर सांगावा धाडा, तिचं बोलणं मला ऐकवा,
रुसली तर उपाशी निजंल, हाताला धरून तिला जेववा.

गुरुजींनी सावधान म्हणलं. ज्वारी उडाली. कोण रडलं, कोण हसलं, मी काही पाहिलं न्हाई. माहेरच्या घोळक्यातून एका म्हातारीचा आवाज तेवढा आला, "हे काकूचं, हे बराबर काकूचं." भाऊ पाठीला टेकून बसला. आंतरपाट निघाला, हार पडले, बँडवाल्यानं एकदाची काठी खाली आणली.

जेवणाच्या वेळी नवरदेवाची आत्या मुद्दाम माझ्याकडं आली. म्हणली, "आमच्या आईचं तालावर होतं. पण तुमच्या आईंचं मला लिहून द्या." मी विचारलं, तुमच्या आई हसनाबादला होत्या का. ती म्हणली, "तीन वर्षं. एका घरी पुढच्या खोलीत राहायची. त्या घरची बाई तिला रोज तांब्याभर ताक आणून द्यायची, आई शेवटपर्यंत तिचं नाव काढायची." मी म्हणले, ती माझी माय. ती बाई हातातलं ताट ठेवून तशीच मायकडं गेली आणि पायावर डोकं ठेवलं. दोघी काय बोलल्या मला माहीत न्हाई, मी मुद्दामच लांब राहिले.

मला आधी भावजयीला गाठायचं होतं. ती मागच्या खोलीत रुखवताच्या ताटल्या पेपरात गुंडाळून ठेवत होती. मनगटावर माझ्या बोटांचे वळ अजून होते. मी म्हणले, "माझं चुकलं. मी तुला नको ते बोलले." एवढंच जमलं. माफी मागायची मला सवय न्हाई, हे घरात साऱ्यांना माहीत आहे.

"असू द्या, ताई," ती म्हणली. "मला माहीत व्हतं."

"काय माहीत होतं?"

"ती चार मास्तरीणबाईंची हायत ते. मी लग्न होऊन आले त्याच साली सासूबाईंनी मला सांगितलं. पाचवं त्यांनीच मला शिकवलं. तुला लेक झाली की तिच्या लग्नात म्हण, म्हणल्या."

मी तिथंच एका खोक्यावर बसले. एका दिवसात माणसानं किती धक्के खावेत. मायनं सुनेला सांगितलं, सुनेला शिकवलं, आणि पोटच्या लेकीला बाविसाव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत अंधारात ठेवलं. माझी जी थोडीफार शरम वर आली होती ती जल्दी खाली गेली आणि पुन्हा माझा पारा चढला.

माय नवरीच्या खोलीत पलंगावर टेकली होती. लेक जावयाकडच्यांसोबत फोटोंना गेली होती, खोलीत आम्ही दोघीच. पाठवणीला तासभर अवकाश होता. मी दार लोटलं.

"तिला सांगितलंस, मला न्हाई. सत्तावीस वर्षं तू मला खोटं सांगितलंस, माय."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं न्हाई, पण भिऊनही न्हाई.

"म्या कधी सांगितलं, मी रचलं म्हणून?"

"म्हणजे?"

"आठव तू. म्या कधी म्हणलं?"

मी आठवायला लागले. लग्नाच्या दिवशी? त्या दिवशी तिनं नुसतं म्हणलं होतं, कुणी केलं ते न तिनं सांगितलं न कुणी विचारलं. त्यानंतरच्या पंचमीला? न्हाई. माझ्या बाळंतपणात? न्हाई. एकेक वर्ष मी उलटं-पालटं करून पाहिलं, आणि तिच्या तोंडी ते वाक्य मला कुठंच सापडेना. सापडलं ते माझ्याच तोंडी. जालन्याला, सासरच्या स्वयंपाकघरात, लग्नाला आठ दिवसही झाले नव्हते तेव्हा.

"पहिल्या दिवाळीला म्या तुझ्याकडं आल्ते," माय म्हणली. "तुझ्या सासूबाईनं मला खुर्ची दिली. चार बायांत म्हणल्या, ह्या कविता करतात बरं का. म्या सांगणारच व्हते, की न्हाई ओ, मास्तरणीनं करून दिल्ती. तर तू दारात उभी व्हतीस. तू माझ्याकडं असं बघितलंस, की माझी जीभच उचलली न्हाई. मंग गपच बसले. मंग तू साऱ्या दुनियेला सांगत गेलीस, आन् मला त्यातून निघायला वाटच राह्यली न्हाई."

मला ती दिवाळी आठवली. दारातली मीही आठवली. नवी कोरी साडी, नवं घर, आणि एकच धास्ती, की आता माय काय बोलणार, कशी बोलणार. चार माणसांत तिला माय म्हणायचंसुद्धा मी तेव्हा सोडलं होतं, आई म्हणायची.

"लेकी, तुला असं का सांगावं वाटलं त्यांला?" मायनं विचारलं. खरंच विचारत होती ती, टोमणा नव्हता त्यात. सत्तावीस वर्षांत तिला ते कळलंच नव्हतं.

मी पलंगाच्या कडेला बसले. बाहेर फोटोवाला पोरांना ओरडत होता. खोटं बोलायला आता काही उरलंच नव्हतं.

"सासूबाई मॅट्रिक होत्या, माय. नणंद बी.ए.ला होती. सासूबाईंनी साऱ्यांसमोर विचारलं, तुझी आई किती शिकली."

मायनं माझ्या केसांत अडकलेला ज्वारीचा दाणा काढला आणि खाली टाकला.

"मंग चौथी सांगायचं," ती म्हणली. "चौथी पास हाय की मी."